स्टेट फॉरेस्टमध्ये तंबू ठोकताय? या चुका टाळा

न्यू जर्सीतून शुक्रवारी दुपारी निघालं की अंधार पडायच्या आत न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका शहराजवळचं डॅनबी स्टेट फॉरेस्ट गाठता येतं. पण पहिली चूक घरूनच होते: स्टेट पार्क आणि स्टेट फॉरेस्ट एकच समजण्याची. पार्कात नळ, संडास, शॉवर असतात. इथे झाडं आणि शांतता, बाकी सगळं आपल्या पाठीवर. न्यूयॉर्कच्या स्टेट फॉरेस्टमध्ये दहापेक्षा कमी माणसं आणि तीन रात्रींपर्यंत मुक्काम असेल, तर परवाना लागत नाही.

दुसरी चूक ओढ्याकाठी तंबू लावण्याची. आम्हीही लावला होता. पहाटे कपाळावर टपकन थेंब पडला तेव्हा जाग आली. पाऊस नव्हताच. गार, दमट हवा खोलगटात उतरून बसली होती आणि आमच्याच श्वासाची वाफ आतल्या कापडावर जमली होती. नियमही सांगतो की तंबूसाठी खुणा केलेली जागा नसेल, तर पाणी, रस्ता आणि पायवाटेपासून 150 फूट, म्हणजे साठेक पावलं दूर राहा. थोडी उंचावरची जागा बघा आणि तंबूच्या खिडक्या रात्रभर उघड्या ठेवा. ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं, तरी खळखळून एक मिनिट उकळल्याशिवाय पिऊ नका.

उन्हाळ्यात मला अस्वलापेक्षा जास्त धास्ती गोचिडीची वाटते. लाइमचा आजार पसरवणारं तिचं पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं असतं, अंगावरचा तीळ समजून नजर पुढे जाते. पँट मोज्यात खोचा. झोपण्यापूर्वी गुडघ्यामागे, काखेत, कानामागे, मुलांच्या केसांत बोटं फिरवून बघा. चिकटलेली सापडली तर तेल किंवा जळती काडी नको; बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा.

वासाने अस्वल येऊ शकतं, म्हणून खाणं तंबूत ठेवू नका, टूथपेस्टसुद्धा. मेतकूट-भात शंभरेक फुटांवर शिजवा, तिथेच जेवा.

लाकूड घरून नेऊ नका. प्रक्रिया न केलेलं सरपण 50 मैलांपलीकडे नेणं न्यूयॉर्कमध्ये बेकायदा आहे, कारण त्यातून ॲश झाडं मारणाऱ्या किडीच्या अळ्या प्रवास करतात. जंगलात पडलेल्या वाळक्या फांद्या पुरतात. उभं झाड, मेलेलं असलं तरी, तोडायचं नाही. निघताना विस्तवावर पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता. राख हाताला गार लागेपर्यंत तिथून हलू नका.