जुन्या डिझेल पिकअपची व्हॅक्यूम गळती शोधायला बसण्याआधी

पाने, पक्कड, टॉर्च, फडकं. हे सांगायला नको. गाडी सपाटीला, चाकांना दगड, इंजिन गार. मफलर, ओढणी, सैल बाही घेऊन पट्ट्याजवळ वाकू नका. झालं. आता बूच.

बूच म्हणजे लाइनचं तोंड बंद करायला चालेल असं काहीही. रबरी टोपणं, बारीक पाइपात घट्ट बसणारे गुळगुळीत स्क्रू, बूस्टरच्या (व्हॅक्यूमच्या जोराने ब्रेक हलका करणारा डबा) जाड होजसाठी त्याच्या मापाचा बोल्ट. मूठभर, निरनिराळ्या मापांचे, एका डबीत, बॉनेट उघडायच्या आधी. मागच्या वेळी माझ्याकडे व्हॅक्यूम मोजायचा गेज होता, व्हॅक्यूम ओढायचा हातपंप होता, नवा पाइप होता. बूच नव्हते. त्यामुळे लाइनची एकेक फांदी बंद करून बघता आली नाही आणि मी अंदाजाने बूस्टर बदलला. चांगला चालणारा बूस्टर. गळती ईजीआरकडे (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) जाणाऱ्या बारीक पाइपाच्या टी-जॉइंटला होती, आणि तो टी दोन वडापावांच्या पैशांत मिळाला. म्हणून पुन्हा: बूच.

पेट्रोल गाडीवाल्याचा सल्ला घेऊन गळती शोधायला कार्ब क्लीनरचा स्प्रे आणला असेल तर तो घरी ठेवा. जुन्या डिझेलच्या मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीत, कामाचा व्हॅक्यूम नसतोच. थ्रॉटलची झडप नाही, हवा मोकळी आत जाते. म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या पिकअपना तो आल्टरनेटरच्या पाठीला असतो आणि त्याला इंजिन ऑइल बारीक पाइपाने येतं. चालू डिझेलच्या हवेच्या तोंडाजवळ असला स्प्रे मारलात तर ते इंजिनाला खाद्यच आहे, रेस आपोआप चढते आणि किल्ली फिरवून उतरत नाही. साबणाचं पाणीही नको. इथे हवा बाहेर येत नाही, आत ओढली जाते. बुडबुडा यायचा कुठून?

काहीही सुटं करण्याआधी ब्रेकची परीक्षा घ्या, पाच मिनिटांचं काम. इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत दाबा, दाबूनच ठेवा, मग स्टार्टर मारा. पेडल पायाखाली थोडं खाली जायला हवं. गेलं नाही तर व्हॅक्यूम पोचत नाही किंवा बूस्टर गेलाय. कोणतं ते या परीक्षेत कळत नाही. मी इथेच फसलो, बूच नसल्यामुळे. दुसरी परीक्षा: इंजिन चालवून बंद करा, थोडा वेळ थांबा, मग दाबा. पहिला एखाद-दुसरा दाब मऊ लागला तर बूस्टरच्या होजमधला एकमार्गी व्हॉल्व्ह धरतोय. पहिलाच दगड लागला तर व्हॉल्व्ह काढून तोंडाने फुंकून बघा, एकाच बाजूने हवा गेली पाहिजे. आणि पेडल दाबल्यावर केबिनमध्ये पायापाशी फुस्स आवाज येत असेल, तर मात्र बूस्टरचा पडदा बघा.

आता गेज. पंपाच्या तोंडाला थेट, बाकी सगळ्या फांद्या बूच मारून बंद. समुद्रसपाटीला धडधाकट पंप पाऱ्याचे 25 ते 28 इंच दाखवतो. उंची वाढली की दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी धरा. चिपळुणात दिसलेला आकडा महाबळेश्वरला चार-साडेचार इंचांनी उतरला म्हणून पंप खोलू नका. इथेच आकडा कमी असेल तर पाइप हुंगत बसण्यात अर्थ नाही. पट्टा ढिला आहे का, ऑइलची लाइन चोंदली आहे का, पंपाच्या पात्या झिजल्या आहेत का, ते बघा.

पंप चांगला निघाला तर एक बूच काढा, ती फांदी जोडा, काटा बघा. मग पुढची. ज्या फांदीला काटा पडला, ती चोर. एवढंच आहे सगळं, पण बूच नसतील तर यातलं काहीच होत नाही. डिझेलच्या खडखडाटात बारीक गळती कानाला लागत नाही, म्हणून संशयित फांदी इंजिन बंद करून हातपंपाने 20 इंचांपर्यंत ओढा आणि मिनिटभर काट्यावर नजर ठेवा. एक सावधगिरी: सोलेनॉइडला (विजेवर उघडमीट करणारा व्हॉल्व्ह) वीज नसताना ॲक्च्युएटरकडची (व्हॅक्यूमने ओढला जाऊन झडप हलवणारा भाग) बाजू बहुतेक वेळा हवेला मोकळी असते. तिथे काटा पडणारच, ती गळती नव्हे. ॲक्च्युएटर वेगळा काढून तपासा.

बूस्टरच्या होजला बूच असताना गाडी हलवायची नाही. अंगणातून रस्त्यापर्यंतसुद्धा नाही.

होज बूस्टरच्या टोकाला आतून बोटाने पुसा. ब्रेक ऑइल लागलं तर मास्टर सिलिंडरचं (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल ढकलणारा भाग) मागचं सील गेलंय, आणि ते ऑइल बूस्टरचं रबर फुगवतं. इंजिन ऑइल लागलं तर पंपाकडे बघा. नवा होज व्हॅक्यूमचाच, ऑइल सोसणारा घ्या. पाण्याचा किंवा साधा पाइप आत चेपतो आणि इंजिन बंद केलं की पुन्हा गोल दिसतो, शोधून शोधून वेड लागतं. जुना तुकडा मापाला सोबत न्या. काढण्याआधी मोबाइलवर फोटो.

जोडताना क्लिपा नव्या. बूच मोजून परत डबीत, एकही लाइनमध्ये राहता कामा नये. ब्रेकच्या दोन्ही परीक्षा पुन्हा. मग सपाट, मोकळ्या रस्त्यावर हळू चक्कर. कुंभार्ली घाट लगेच नको, आणि घाटात इंजिन बंद करून उतरायचं तर कधीच नाही, बूस्टरमधला साठा मोजक्या दाबांत संपतो. आठवड्याने क्लिपा पुन्हा आवळा.