व्हिओला नसला तरी: नाशिकमध्ये पहिला स्ट्रिंग क्वार्टेट बसवताना

दोन व्हायोलिन, एक व्हिओला (व्हायोलिनहून थोडा मोठा, खालच्या सुरांचा), एक चेलो (त्याहूनही मोठा आणि खालचा, बसून वाजवायचा) ही क्वार्टेटची, म्हणजे चौघांच्या वादनाची रचना. नाशिकमध्ये व्हायोलिनवाले जमतात, चेलो खटपट केली तर मिळतो, घोडं अडतं ते व्हिओलापाशी. म्हणून आधी माणसं बघा आणि त्यांना झेपेल ती रचना घ्या.

तीन व्हायोलिन आणि एक चेलो हाताशी असेल तर पाखेलबेल या जर्मन संगीतकाराच्या कॅननपासून सुरुवात करा. तो मुळातच तीन व्हायोलिन आणि खालच्या साथीसाठी लिहिलेला आहे. तिन्ही व्हायोलिन एकच सुरावट वाजवतात, फक्त प्रत्येक जण आधीच्यापेक्षा दोन बार (मात्रांचे ठरावीक गट) उशिरा शिरतो. चेलोला आठ सूर, तेच २८ वेळा. सोपं दिसतं, पण लय नेमकी इथेच पळते: व्हायोलिनच्या जलद जागा आल्या की ते पुढे ओढतात आणि चेलो त्यांच्यामागे जातो. मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) फक्त चेलोवाल्याच्या एका कानात, इअरफोनने द्या. बाकी तिघांनी चेलो ऐकायचा.

व्हिओलाची ओळ तिसऱ्या व्हायोलिनवर वाजवता येते, पण पाश्चात्य सुरांच्या नावांत व्हायोलिनची सर्वात खालची तार जी, व्हिओलाची त्याहून खाली सी. जीच्या खालचे सूर एक सप्तक वर न्यावे लागतात आणि मधला भराव विरळ होतो. व्हायोलिनला व्हिओलाच्या तारा चढवल्या तर सी मिळतो, मात्र व्हायोलिनची पोकळ लाकडी पेटी लहान असल्याने तो घुमत नाही. सरावाला चालेल, कार्यक्रमाला नको. बाखच्या तिसऱ्या ऑर्केस्ट्रल स्वीटमधला 'एअर' खरा व्हिओला मिळेपर्यंत राखून ठेवा. तो आहे तसा चौघांत बसतो आणि त्याची सगळी गोडी मधल्या दोन ओळींत आहे.

आता सुरांचं. हिंदुस्थानी पद्धतीने शिकलेल्याचं व्हायोलिन बहुधा सा-प-सा-प असं लावलेलं असतं. त्याच तारा ताणून जी-डी-ए-ई करू नका, वरची तार तुटते. नवा संच घ्या आणि एका वेळी एकच तार बदला. सगळ्या एकदम सैल केल्या तर घोडी पडते आणि आतला साउंडपोस्टही (पेटीतली उभी लाकडी दांडी) निसटू शकतो. मग ए म्हणजे हार्मोनियमची पांढरी सहा, ४४० हर्ट्झवर लावा. शेजारच्या दोन तारांत षड्ज-पंचमाचं नातं असतं, त्यामुळे आपल्या कानाला हे जुळवणं जड जात नाही.

पण सगळे पंचम अगदी शुद्ध लावले की एक खोट राहते. चेलोची मोकळी सी आणि व्हायोलिनची मोकळी ई एकत्र वाजवून बघा: सीला सा धरलं तर ई हा गंधार साधारण २२ सेंट (लगतच्या दोन पट्ट्यांतलं अंतर १०० सेंट), म्हणजे एका प्रमाणश्रुतीएवढा चढा लागतो. तंबोऱ्यातला स्वयंभू गंधार ऐकलेल्या कानाला तो लगेच खटकतो. उपाय दोन. चेलो आणि व्हिओलाने जी आणि सी किंचित चढ्या लावायच्या, आणि व्हायोलिनने अशा जागी मोकळी ई टाळून तोच सूर ए तारेवर चौथ्या बोटाने घ्यायचा. बोटाखालचा सूर उतरवता येतो, मोकळ्या तारेचा नाही.

हे जमलं की हायडनचा ओपस ७६ मधला तिसरा क्वार्टेट, 'एम्परर', उघडा. त्याच्या दुसऱ्या भागाची धून हायडनने १७९७ मध्ये सम्राट फ्रान्झसाठी रचली. पुढच्या चार आवर्तनांत ती दुसरं व्हायोलिन, चेलो, व्हिओला आणि पुन्हा पहिलं व्हायोलिन अशी फिरते. पहिलं आवर्तन फक्त दोन व्हायोलिनचं आहे, म्हणजे बाकी दोघे यायच्या आधीच तालीम सुरू करता येते. धून चौघांनीही आधी सरगममध्ये गाऊन घ्या. वाजवताना दोन सुरांमध्ये मींड येऊ देऊ नका. ही सवय सुटायला वेळ लागतो, पण चौघांपैकी एकानेही सूर ओढत नेला तर सगळा कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा सुरांचा मेळ, डळमळतो. सुरुवातीला तोंडाने आकडे मोजायचे नाहीत. पहिल्या व्हायोलिनने रचनेच्याच लयीत श्वास घ्यायचा, गज किंचित उचलायचा, आणि बाकीच्यांनी कागदाऐवजी त्याच्याकडे बघायचं.

बैठक अर्धवर्तुळात. व्हिओला कमजोर असेल तर त्याला श्रोत्यांच्या उजव्या टोकाला बसवू नका, तिथे वाद्याचं तोंड श्रोत्यांपासून फिरतं. खुर्च्या बिनहाताच्या, ताठ बैठकीच्या हव्यात. प्लास्टिकच्या खुर्चीच्या हाताला गज आपटतो. फरशीवर चेलोची खालची टेकायची अणी घसरते, तेव्हा एक पट्टा खुर्चीच्या पायाला बांधून त्याच्या दुसऱ्या टोकाच्या फासात अणी रोवा.

एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात खुंट्या आकसून सुटतात. खुंटी काढून तिच्या घासल्या जाणाऱ्या भागाला खडू लावा आणि फिरवताना आत दाबा. पावसाळ्यात त्याच खुंट्या फुगून अडकतात, तेव्हा कोरडा साबण. उन्हात उभ्या गाडीत वाद्य कधीच ठेवू नका, सरसाने जोडलेले सांधे उकलतात. गंगापूर रोडकडच्या लॉनवर वाजवायचं असेल तर मांडवाखालीच बसा, कागदांना कपड्यांचे चिमटे लावा, आणि थंडीतल्या संध्याकाळी दर दोन रचनांनंतर पुन्हा सूर लावून घ्या.