चादर, चटणी आणि गड्ड्याचं दारूकाम: थंडीत पिल्लू सांभाळताना

सोलापूरची थंडी तशी मवाळच. दुपारी पारा तिशीच्या आसपास, पहाटे बारा-चौदावर. मोठं कुत्रं एवढ्यानं डगमगत नाही. दीड-दोन महिन्यांच्या पिल्लाला मात्र दिवस-रात्रीतला हा फरक बाधतो. त्याहून जास्त बाधतं ते आपण ऊब आणि लाड म्हणून करतो ते.

शहाबादी फरशी पहाटे गार पडते, म्हणून नुसत्या फरशीवर झोपवू नका. पुठ्ठ्याचं खोकं घ्या, पुढची बाजू चार बोटं उंच ठेवून कापा, तळाला पोतं आणि वर्तमानपत्राचे जाड थर घाला. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून एकाच कोपऱ्यात ठेवा. अख्खं खोकं तापवलं तर उकडल्यावर पिल्लाला सरकायला जागाच उरत नाही.

आता चादर. सोलापुरी चादर ऊब धरते, पण तिच्या टोकांच्या दशा पिल्लाच्या तोंडात हमखास जातात. गिळलेला लांब धागा एका टोकाला जिभेखाली किंवा पोटात अडकतो, दुसरं टोक आतडं ओढत पुढं जातं, आणि ताणलेला धागा आतडं कापतो. म्हणून दशा कापा आणि कडा दुमडून शिवून टाका. धागा तोंडातून किंवा गुदद्वारातून बाहेर दिसला तर ओढू नका, पिल्लाला थेट पशुवैद्यकाकडे न्या. ट्रंकेतून काढलेली चादर आधी धुवून दोन दिवस उन्हात घाला. डांबर गोळ्यांमधलं नॅप्थलीन पिल्लाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतं, आणि चादरीच्या घडीत राहिलेली एखादी गोळी त्याला खेळणं वाटते.

पिल्लू गार पडून निपचित दिसलं तर बहुतेक घरांत आधी दूध पाजतात. हे उलटं आहे. गारठलेल्या पिल्लाचं आतडं काम करत नाही, दूध पोटात तसंच राहतं किंवा फुप्फुसात जातं. आधी ऊब द्या: कपड्यात गुंडाळून अंगाशी धरा, हळूहळू. गुदद्वारातलं तापमान 38 ते 39.2 अंश सेल्सिअस असावं. त्याच्या खाली असेपर्यंत काही भरवू नका. लहान जातीच्या पिल्लाची साखर उपाशीपोटी पटकन उतरते, त्यामुळे दिवसाला चार वेळा थोडं थोडं खायला द्या आणि रात्रीचं शेवटचं जेवण उशिरा ठेवा. ते लटपटू लागलं तर मधाचं बोट हिरड्यांना चोळा आणि दवाखाना गाठा. लसीकरण पूर्ण होईपर्यंत आंघोळ टाळा. मळलं असेल तर ओल्या फडक्यानं पुसा, तेही दुपारी.

सणाच्या दिवसांत खरं संकट ताटातलं. चिवडा-करंजीतले बेदाणे आणि जानेवारीपासून जिल्ह्यात येणारी द्राक्षं, दोन्ही कुत्र्याची किडनी बंद पाडू शकतात, आणि किती खाल्ल्यावर, याचा भरवसा नाही. एक-दोन दाणे खाल्ले तरी डॉक्टरांना फोन करा. शेंगाची चटणी तर जिथं-तिथं असते. शेंगदाणे एकवेळ चालतील, पण तिच्यात लसूण, मीठ आणि तिखट असतं. लसूण-कांद्यानं होणारा रक्तक्षय दोन-चार दिवसांनी दिसतो, हिरड्या फिक्या पडतात, आणि तोवर चटणी कुणाच्या लक्षातही नसते. नाताळच्या केकमध्ये बेदाणे आणि चॉकलेट दोन्ही येतात. तीन किलोच्या पिल्लाला दहा-बारा ग्रॅम डार्क चॉकलेटही उलट्या आणि धडधड सुरू करायला पुरतं. उलटी व्हावी म्हणून मिठाचं पाणी पाजू नका, ते स्वतःच विष ठरतं. माणसांची पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेनची गोळीही देऊ नका.

सकाळी दुचाकी-चारचाकी सुरू करण्याआधी खाली वाकून बघा. रात्री थांबलेल्या इंजिनाच्या उबेला पिल्लं जाऊन बसतात.

मग येतो गड्डा, म्हणजे संक्रांतीच्या सुमारास भरणारी सोलापूरच्या सिद्धेश्वराची यात्रा. तिच्यातल्या अक्षता सोहळ्यानंतर होम मैदानावर शोभेचं दारूकाम होतं, तेव्हा जवळच्या गल्ल्यांत आवाज छातीत घुमतो. तीन ते चौदा आठवड्यांत बसलेली भीती आयुष्यभर टिकू शकते. म्हणून दोन आठवडे आधीपासून फटाक्यांचं रेकॉर्डिंग अगदी बारीक आवाजात लावून सोबत खाऊ द्या, कान टवकारले की आवाज आणखी कमी करा. त्या संध्याकाळी अंधारापूर्वीच शी-शू उरका. मग आतल्या खोलीत खिडक्या लावून पंखा किंवा टीव्ही सुरू ठेवा. बांधून ठेवू नका, गळ्यात फास बसतो. ते जवळ आलं तर कुशीत घ्या, त्यानं भीती वाढत नाही. झोपेचं औषध मनानं देऊ नका. फोन नंबर लिहिलेला पट्टा मात्र घालाच, दार उघडं राहिलं की पिल्लू सुसाट सुटतं. लशी पूर्ण नसलेल्या पिल्लाला यात्रेच्या गर्दीत नेऊ नका, पार्व्हो या जीवघेण्या उलट्या-जुलाबाच्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो.

दुसऱ्या दिवशी पिल्लाला सोडण्याआधी अंगण आणि गच्ची झाडून घ्या. न फुटलेली दारू ते चाटतं, आणि फुलबाजीची तार चघळायला त्याला भारी आवडते.