पट्टेरी छत्रीखाली दोन रात्री

सांगलीत गणपती पेठेत आमचं छत्र्यांचं दुकान आहे. भिंतीवर फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याचं एक जुनं कॅलेंडर होतं : निळा समुद्र, पांढरं हॉटेल, पट्टेरी छत्र्या. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला बायको त्याकडं बोट दाखवून म्हणाली, "इथं." जाऊन आलो तेव्हापासून गिऱ्हाईकं छत्री कमी घेतात आणि तिथं कसं जायचं, कुठं राहायचं हेच जास्त विचारतात, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

पहिलं म्हणजे नावावर भाळू नका, नकाशा बघा. तिथल्या नीस शहरातलं नेग्रेस्को हॉटेल १९१३ चं, गुलाबी घुमटाचं, देखणं. पण त्याच्या आणि समुद्राच्या मधून रहदारीचा रस्ता जातो. तिथं कॉफी प्यावी आणि निघावं. पाण्यात पाय सोडून बसायचं असेल तर जवळच्या ज्वां-ले-पँ गावचं बेल रीव्ह हॉटेल. मुळात तो बंगला. १९२६ साली एक अमेरिकन कादंबरीकार तिथं भाड्यानं राहिला होता, १९२९ ला त्याचं हॉटेल झालं. समुद्राला एवढं चिकटून बांधता येतं, कारण तिथं भरती-ओहोटीचा फरक जेमतेम फूटभर. आपल्या गुहागरला अमावास्या-पौर्णिमेला पाणी दोन मीटरवर चढतं. तिथं पाण्याला लागून खुर्च्या मांडल्या तर संध्याकाळी शोधायला होडी लागेल.

खोली घेताना समुद्र समोर दिसतो की बाजूनं, हे लिहून मागा. नीसच्या एका हॉटेलात आम्हाला 'समुद्रदर्शन' मिळालं ते गॅलरीच्या कठड्यावरून कमरेत वाकल्यावर. माझा मणका त्याला साक्षी आहे.

जायचं सप्टेंबरात. पाणी उन्हाळाभर तापलेलं असतं आणि जुलै-ऑगस्टची झुंबड ओसरलेली असते. हिवाळ्यात तिथली बरीच किनाऱ्यावरची हॉटेलं बंदच असतात. शेंगेन व्हिसाचा (फ्रान्ससकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून घेतात; किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतोच. व्हिसा हातात येईपर्यंत रद्द करता येईल असंच बुकिंग ठेवा.

सगळे दिवस बेल रीव्हसारख्या हॉटेलात राहायचा हट्ट नको, दुकान विकावं लागेल. दोन रात्री तिथं, बाकीच्या नीसमध्ये साध्या खोलीत. मधे लोकल गाडी आहे. नीसचा किनारा मात्र गोट्यांचा, रबरी बूट न्या. ज्वां-ले-पँला वाळू आहे.

जेवणात शाकाहाऱ्यांनी सोका शोधावा. हरभऱ्याच्या पिठाचं, ऑलिव्ह तेलातलं, भट्टीत भाजलेलं धिरडंच ते. बायकोनं त्यावर पिशवीतलं भडंग भुरभुरलं आणि शेजारच्या टेबलावरच्या आजीबाईंनाही दिलं. खानावळीत पाण्याची बाटली घेऊ नका. 'कराफ दो' म्हणा, नळाचं पाणी फुकट मिळतं.

आणि छत्रीखाली एकदा आडवे झालात की वर बघा. मी काड्या मोजल्या. आठ. कापड आमच्यापेक्षा जाड, पण शिवण एका जागी उसवलेली होती.