उपनगराचा वीज आराखडा : या चुका टाळा

वाकड, ताथवडे, वाघोली, हिंजवडी या पुण्याच्या कडेच्या पट्ट्यात इमारत पायापासून ताब्यापर्यंत तीन-चार वर्षांत येते. तेवढ्या काळात वीज उपकेंद्राच्या जागेचा कागदही अनेकदा हलत नाही. रहिवासी आल्यावर मग जुन्याच फिडरवर, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वाहिनीवर, नवा भार चढतो. खाली दिलेल्या बहुतेक चुकांचे मूळ या उशिरात आहे.

मंजूर भाराची बेरीज म्हणजे मागणी नव्हे

१,२०० सदनिका, प्रत्येकी ५ किलोवॅट, म्हणजे ६,००० किलोवॅट. या आकड्यावर रोहित्रे (ट्रान्सफॉर्मर) घेतली तर ती रिकामीच चालतात आणि गाभ्यातली हानी चोवीस तास होत राहते. उलट अंदाजाने 'निम्मे धरू' म्हटले, तर पाया कशाचाच नसतो.

जवळच्या, पूर्ण वस्ती झालेल्या सोसायटीच्या रोहित्रावरची एप्रिल-मे महिन्यातली कमाल मागणी मिळवा आणि तिला राहत्या घरांनी भागा. रिकाम्या सदनिका भागाकारात धरू नका. ही चूक सर्रास होते आणि दोन वर्षांनी अंगाशी येते. समजा २०० राहत्या घरांची कमाल मागणी ३६० केव्हीए (रोहित्राची क्षमता मोजायचे, किलोवॅटच्या जवळचे एकक) निघाली, म्हणजे घरटी १.८. तर १,२०० घरांचे २,१६० केव्हीए झाले. लिफ्ट, पंप, सांडपाणी प्रकल्प यांचे २४० धरा. विजेच्या ३०० गाड्या, ३.३ किलोवॅटचे चार्जर, त्यातले ४० टक्के एका वेळी सुरू, म्हणजे जवळजवळ ४००. एकूण २,८०० केव्हीए.

६३० केव्हीएचे रोहित्र ८० टक्क्यांवर चालवायचे तर अशी सहा लागतात. एक जळाले तर उरलेली पाच ८९ टक्के भरतात, म्हणजे काम निभते. पण लघुदाबाच्या, म्हणजे घरांकडे जाणाऱ्या कमी व्होल्टेजच्या, बाजूने ती एकमेकांना जोडता येत असतील तरच. ही जोडणी खर्च वाचवायला गाळली जाते आणि मग सहावे रोहित्र असूनही इमारत अंधारात बसते.

नावाची रिंग

वरचा भार ११ केव्हीवर (११ हजार व्होल्टवर) साधारण १४७ अँपिअर होतो. अशा दोन वसाहती एका रिंगवर, म्हणजे दोन्ही टोकांनी पुरवठा मिळणाऱ्या केबलवर, असतील आणि एका टोकाची केबल तुटली, तर दुसऱ्या टोकाला २९४ अँपिअर एकटीने वाहावे लागतात. म्हणून रिंगमधली प्रत्येक केबल संपूर्ण रिंगच्या भारासाठी तपासा. कॅटलॉगमधला आकडा बहुधा एकट्या केबलचा असतो. एकाच चरात चार केबल खेटून टाकल्या की उष्णता अडकते आणि क्षमता घटते.

रिंगची दोन टोके वेगवेगळ्या उपकेंद्रांतून हवीत आणि दोन केबल रस्त्याच्या दोन बाजूंनी. एकाच चरात असतील तर एका जेसीबीच्या फटक्यात दोन्ही जातात. वरचा पुरवठाही तपासा. १२ ऑक्टोबर २०२० रोजी ४०० केव्हीच्या वाहिन्या बंद पडल्या आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईचा मोठा भाग अंधारात गेला. तिथे खालची रिंग कितीही चांगली असली तरी उपयोग नव्हता.

चर आणि सांधे

११ केव्हीची केबल किमान ९० सेंटिमीटर खोल, २२ आणि ३३ केव्हीची १०५. खाली-वर चाळलेली वाळू, त्यावर विटा किंवा आच्छादन, मग इशारापट्टी. पुण्याच्या कडेला मुरूम आणि कातळ लागला की ठेकेदार ४० सेंटिमीटरवर थांबतो आणि मातीऐवजी राडारोडा परत ढकलतो. टोकदार दगड आवरणात घुसतो, पावसाळ्यात पाणी शिरते आणि केबल फुटते. चर बुजवण्यापूर्वी दर वीस-पंचवीस मीटरवर खोली मोजून फोटो घ्या.

सांधा पावसात किंवा ओल्या खड्ड्यात करू नका. आत राहिलेल्या ओलाव्यातून आणि हवेच्या पोकळीतून सूक्ष्म विद्युत-विसर्ग सुरू होतो आणि इन्सुलेशन आतून खात जातो. म्हणून चाचणीत पास झालेला सांधा पुढच्या पावसाळ्यात दगा देतो. सांध्याच्या दोन्ही बाजूंना केबल थोडी सैल ठेवा, नाहीतर दुरुस्तीला एकाऐवजी दोन सांधे करावे लागतात. प्रत्येक सांध्याचे जीपीएस स्थान नकाशावर हवेच.

जागा

उपकेंद्राची जागा लेआउट मंजुरीतच राखून ठेवा. अवजड ट्रेलर वळेल असा रस्ता हवा आणि केबल बाहेर काढायला दोन वाटा. जागा पूररेषेच्या बाहेर हवी. रोहित्र किंवा आरएमयू (रिंगच्या केबल जोडणारी-तोडणारी स्विचपेटी) तळघरात ठेवू नका.

रात्री दाब (व्होल्टेज) पडत असेल तर

रात्री नऊ वाजता रोहित्राच्या लघुदाब बाजूला आणि शेवटच्या मीटरवर एकाच वेळी मोजा. मीटरवर २१६ ते २४४ व्होल्टमध्ये असायला हवे.

- रोहित्रावर ठीक, टोकाला कमी: लघुदाब वाहिनी लांब किंवा बारीक आहे. मोठे रोहित्र बसवून उपयोग नाही. दुसरे रोहित्र भाराच्या जवळ न्या.
- दोन्हीकडे कमी: फिडरचा भार आणि उपकेंद्रातला दाब पाहा.
- एका फेजवर कमी, दुसऱ्यावर वाढलेला: न्यूट्रल सैल किंवा तुटलेला असण्याची शक्यता. पुरवठा ताबडतोब बंद करायला लावा. टीव्ही-फ्रिज जळतात ते यातच.

रोहित्राचा टॅप (दाब कमी-जास्त करायची सोय) सरसकट बदलू नका. बदलायचाच असेल तर आधी पहाटे तीनचे आणि छतावर सौर पॅनेल असतील तर दुपारी बाराचेही आकडे घ्या, कारण टॅप बदलून रात्री नऊला २२० झालेले तेच घर पहाटे २५० वर जाऊ शकते. वितरण रोहित्राचा टॅप पुरवठा बंद करूनच फिरवायचा असतो.