जुन्या बेसबॉल खेळाडूच्या कारकिर्दीची आकडेवारी कशी जुळवावी

अमेरिकेतील पहिली व्यावसायिक बेसबॉल लीग, म्हणजे नॅशनल असोसिएशन, १८७१ साली सुरू झाली. तिच्या पहिल्या मोसमात क्लीव्हलंडच्या फॉरेस्ट सिटी संघाकडून जॉन बास नावाचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक, खेळला. त्याची त्या वर्षीची नोंद अशी आहे: २२ सामने, ८९ अ‍ॅट-बॅट, २७ हिट, त्यांत १३ सिंगल, १ डबल, १० ट्रिपल आणि ३ होम रन. बेस म्हणजे धाव पूर्ण करण्यासाठी गाठायचे मैदानावरचे चार टप्पे; अ‍ॅट-बॅट म्हणजे सरासरीत धरल्या जाणाऱ्या फलंदाजीच्या पाळ्या; आणि हिट म्हणजे बेस मिळवून देणारा फटका, तो एक, दोन, तीन किंवा चारही बेस मिळवून देतो त्यानुसार सिंगल, डबल, ट्रिपल किंवा होम रन. एरवी ट्रिपलपेक्षा डबल जास्त असतात, म्हणून डबल एक आणि ट्रिपल दहा, हे वाचून छपाईची चूक झाली असावी असे प्रथम वाटते. पण चूक नाही. ट्रिपलमध्ये तो त्या वर्षी लीगमध्ये पहिला होता. पुढे १८७२ मध्ये ब्रुकलिनच्या अटलांटिक संघाकडून दोन आणि १८७७ मध्ये हार्टफर्डकडून एक असे सामने खेळून त्याची कारकीर्द २५ सामन्यांत संपली. अशा खेळाडूचे आकडे स्वतः पडताळून कसे मांडावेत, ते येथे सांगतो.

प्रथम तयार तक्ता उतरवून घ्यावा आणि बाजूला ठेवावा. तो पडताळणीसाठी आहे, पुरावा म्हणून नाही. ‘संकेतस्थळावर आकडा आहे, मग शोधायचे काय?’ हा सल्ला देणाऱ्याने हे काम कधी केलेले नसते. मूळ गुणफलक त्या काळच्या वृत्तपत्रांत मिळतात. ‘न्यू यॉर्क क्लिपर’ या साप्ताहिकाचे अंक इलिनॉय विद्यापीठाने महाजालावर विनामूल्य ठेवले आहेत. बेसबॉलच्या गुणलेखनाला वळण लावणारा हेन्री चॅडविक याच साप्ताहिकात लिहीत असे. तो जन्माने इंग्रज आणि आधी क्रिकेटचा वार्ताहर होता, त्यामुळे क्रिकेटचे गुणफलक वाचण्याची सवय असलेल्या मराठी वाचकाला ही पाने फारशी परकी वाटत नाहीत.

मग सामन्यागणिक एक ओळ लिहावी. गुणफलकात बहुधा केवळ आडनाव असते, म्हणून त्याच आडनावाचा दुसरा खेळाडू त्या मोसमात कोठे खेळत होता, हे आधी पाहून घ्यावे. बासच्याच संघात जिम आणि एल्मर हे दोन व्हाइट होते. आर्ट अ‍ॅलिसन क्लीव्हलंडकडे, तर त्याचा भाऊ डग वॉशिंग्टनकडे होता.

आता खरी अवघड पायरी, म्हणजे अ‍ॅट-बॅटची मोजणी. धावा आणि हिट छापील असतात, पण त्या काळच्या अनेक गुणफलकांत अ‍ॅट-बॅटचा रकानाच नसे, आणि तो आकडा नसेल तर सरासरी काढता येत नाही. यावर एक युक्ती सर्रास सांगितली जाते. फलंदाजीला आलेला प्रत्येक खेळाडू शेवटी धाव काढतो, बाद होतो किंवा डाव संपताना (तीन जण बाद झाले की डाव संपतो) बेसवर राहतो. त्यामुळे संघाच्या धावा, बाद झालेले आणि बेसवर राहिलेले यांची बेरीज म्हणजे संघाच्या एकूण पाळ्या. हे गणित अगदी बरोबर आहे. युक्तीचा पुढचा भाग असा की, फलंदाज नऊ असतात आणि ठरलेल्या क्रमानेच येतात, म्हणून या बेरजेला नऊने भागावे, भागाकार प्रत्येकाच्या नावावर लिहावा आणि बाकी उरेल तितक्या पहिल्या फलंदाजांना एकेक पाळी वाढवून द्यावी. एकूण ४१ पाळ्या असतील, तर पहिल्या पाच जणांना पाच-पाच आणि उरलेल्या चौघांना चार-चार. आजच्या सामन्याला ही रीत चोख लागू पडते.

१८७१ च्या सामन्याला ती लागू पडत नाही. मी एका संघाचा अख्खा मोसम या रीतीने मोजला आणि जवळजवळ दोन महिने फुकट घालवले. काही सामन्यांत मधल्या क्रमांकाच्या फलंदाजाच्या धावा आणि बाद यांचीच बेरीज मी त्याला दिलेल्या पाळ्यांपेक्षा जास्त भरत होती. हे अशक्य आहे, हे दिसत असूनही मी दोष वृत्तपत्रावर ढकलला आणि आकडे ‘दुरुस्त’ करत राहिलो. त्या दुरुस्त्या मी शाईने केल्या होत्या, याची आजही लाज वाटते.

दोष वृत्तपत्राचा नव्हता. त्या वेळी नवा डाव कोणी सुरू करायचा, याचा नियमच वेगळा होता. आज मागील डावात ज्याची पाळी शेवटी पूर्ण झाली, त्याच्यानंतरचा फलंदाज नवा डाव सुरू करतो. तेव्हा मात्र तिसरा बाद झालेला खेळाडू जो असेल, त्याच्यानंतरचा खेळाडू डाव सुरू करी. समजा, क्रमांक तीन दुसऱ्या बेसवर आणि चार पहिल्या बेसवर आहेत, संघाचे दोघे बाद झाले आहेत, क्रमांक पाच हिट मारतो आणि तीनचा खेळाडू घरच्या बेसकडे धावताना बाद होतो. आजच्या नियमाने पुढचा डाव सहावा फलंदाज उघडेल. १८७१ मध्ये तो चौथा उघडत असे, म्हणजे चौथ्या आणि पाचव्याला लागोपाठच्या डावांत पुन्हा पाळी मिळे आणि सहाव्याला थांबावे लागे. मग नऊने भागून पाळ्या वाटणे चुकीचेच ठरते.

म्हणून माझे ठाम मत असे आहे की या काळासाठी भागाकाराला हात लावू नये. सामन्याचे वर्णन छापलेले असेल, तर डावागणिक तिसरा बाद कोण झाला ते शोधावे आणि तेथून क्रम पुढे चालवावा. एका सामन्याला एक संध्याकाळ लागते, याला इलाज नाही. वर्णन नसेल, तर अंदाजाचा आकडा पेन्सिलीने लिहून तो अंदाज आहे अशी खूण करावी, आणि प्रत्येक फलंदाजाच्या धावा अधिक बाद ही बेरीज त्याच्या पाळ्यांपेक्षा जास्त नाही ना, हे तपासावे. शेवटी पाळ्यांतून फटका न मारता, चुकीच्या चेंडूंमुळे मिळालेले बेस, म्हणजे वॉक, वजा केले की अ‍ॅट-बॅट उरतात.

दोन-चार पाळ्यांनी काय बिघडते, असे विचारणाऱ्यांसाठी हा हिशेब: बासची सरासरी २७ भागिले ८९, म्हणजे ०.३०३. दोन अ‍ॅट-बॅट वाढले तर ती ०.२९७ होते आणि ‘तीनशेच्या वरचा फलंदाज’ (०.३०० ला बेसबॉलमध्ये ‘तीनशे’ म्हणतात) ही त्याची ओळखच जाते. त्याच वर्षी बोस्टनच्या रॉस बार्न्सने १५७ अ‍ॅट-बॅटमध्ये ६३ हिट मारले, सरासरी ०.४०१, एकच अ‍ॅट-बॅट वाढला तर ०.३९९.

यापुढचे काम सोपे आहे. लीगनिहाय बेरजा वेगळ्या ठेवाव्यात. मेजर लीगने, म्हणजे अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलच्या संघटनेने, १९६९ मध्ये विशेष समितीच्या निर्णयानुसार अनियमित वेळापत्रक आणि कारभार या कारणांवरून नॅशनल असोसिएशनला मेजर लीगचा दर्जा नाकारला, त्यामुळे त्या हिशेबात बासचा १८७७ चा, नॅशनल लीग या दुसऱ्या लीगमधला, एकमेव सामना उरतो. काही तक्ते २५ सामने धरतात, काही एक, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात. क्षेत्ररक्षणाची तुलना त्याच वर्षीच्या इतर शॉर्टस्टॉपशीच करावी, कारण ही मंडळी उघड्या हातांनी चेंडू अडवत असत.

दहा ट्रिपलचा आकडा आजच्या १६२ सामन्यांच्या मोसमावर ताणू नये. तसे केल्यास ७४ ट्रिपल भरतात, आणि मेजर लीगचा एका मोसमातील विक्रम चीफ विल्सनचा, १९१२ मधील ३६ चा आहे. २२ सामन्यांचा आकडा २२ सामन्यांपुरताच बोलतो.

रन्स बॅटेड इन, म्हणजे खेळाडूच्या फलंदाजीमुळे संघाला मिळालेल्या धावा, यांचा रकाना शेवटी भरावा आणि वेगळ्या रंगाने भरावा. ही नोंद अधिकृतपणे १९२० पासून ठेवली जाऊ लागली. बासच्या नावापुढे दिसणारा १८ हा आकडा नंतरच्या अभ्यासकांनी जुन्या वर्णनांवरून जुळवलेला आहे, आणि तो त्याच्या २७ हिटच्या पंक्तीला त्याच शाईत बसवता येत नाही.