ऑफिसात बीबीएस राबवताय? आधी या चुका टाळा

वाळूजच्या एका कारखान्यात सेफ्टीचं काम करताना मशीनवरच्या माणसांकडं बघण्यात माझी बरीच वर्षं गेली. गार्ड बंद आहे का, हात कुठंय, गॉगल डोळ्यावर आहे की कपाळावर. एका वर्षी ४ मार्चला सुरक्षा दिनाची शपथ झाली आणि साहेब म्हणाले, यंदा बीबीएस ऑफिसातही घ्या. मान-कंबरेच्या तक्रारी तिथूनच जास्त येत होत्या. मी शॉपफ्लोअरचंच कार्ड, म्हणजे काय बरोबर आणि काय चूक याच्या खुणा करायची यादी, उचलून वर गेलो आणि पहिल्याच आठवड्यात तोंडावर पडलो.

बीबीएस, म्हणजे बिहेवियर बेस्ड सेफ्टी, सांगायला सोपी आहे. माणूस काम करताना प्रत्यक्षात काय करतो ते पाहायचं, तिथल्या तिथं त्याच्याशी बोलायचं आणि तो तसं का करतो हे शोधायचं. यातलं 'का' आपल्याकडं हमखास गळतं.

माझी पहिली चूक म्हणजे कार्डावर नावं लिहिली. मी दारात दिसलो की सगळे ताठ, पाठ वळली की पुन्हा टेबलावर पालथे. शेवटी एकानं ऐकवलंच, "सर, आमचं वाकणं बी रिपोर्टात लिहायलाव का?" बरोबर होतं त्याचं. आता कार्डावर नाव नसतं. त्याच खोलीतला सहकारी आधी विचारून पाच मिनिटं बघतो, जे नीट चाललंय ते आधी बोलतो, मग एकच सुधारणा सांगतो. एकच. चार सांगितल्या की एकही होत नाही.

दुसरी चूक कार्डाच्या भाषेत होती. 'नीट बसणे' असं लिहिलं तर दोन माणसं दोन वेगळ्या खुणा करतात. जे डोळ्यांना दिसतं तेच लिहा: मनगट टेबलाच्या धारेवर दाबलंय, पाय लोंबकळताहेत, पाठ खुर्चीला टेकलेली नाही, माऊसपर्यंत हात ताणावा लागतोय. सहा-सात ओळी पुष्कळ झाल्या.

खरी गंमत 'का'मध्ये आहे. डिस्पॅचचा एक पोरगा फोन कान आणि खांद्याच्या मध्ये चिमटून बोलायचा. तीन कार्डांवर तीच खूण, तीनदा समज दिली. चौथ्यांदा मी शेजारी स्टूल टाकून बसलो. ड्रायव्हर फोनवर गाडीचा नंबर सांगतोय आणि हा दोन्ही हातांनी ई-वे बिल भरतोय. तिसरा हात आणायचा कुठून? साधा हेडफोन दिला, सवय दोन दिवसांत गेली.

मे महिन्यात दुसरंच दिसलं. बाहेर बेचाळीस डिग्री, कूलर एका कोपऱ्यात, आणि अर्धी माणसं कंबरेत पीळ देऊन हवेकडं तोंड करून बसलेली. कार्डाच्या हिशेबानं सगळे चुकलेले. आम्ही माणसांना न बोलता टेबलं फिरवली.

लोंबकळणाऱ्या पायांचंही तसंच. आपली टेबलं साधारण अडीच फूट उंच आणि ती उंची न बदलणारी. कोपर टेबलाच्या उंचीला आणायला उंचीनं कमी असलेला माणूस खुर्ची वर घेतो, मग पाय जमिनीला पुरत नाहीत आणि मांडीखाली खुर्चीची कड रुतते. आमच्या अकाउंट्समधल्या ताईंनी घरून लाकडी पाट आणला. पाय टेकले, विषय संपला. खुर्च्यांचं तर विचारूच नका. काहींवर पॅकिंगचं प्लॅस्टिक तसंच होतं आणि खालच्या दांड्यानं उंची बदलते हे निम्म्यांना ठाऊक नव्हतं. हे शिकवायच्या आधी कुणाला दोष देणं चूकच.

लॅपटॉपवर दिवसभर काम असेल तर तो खाली जाड फायली घालून उंच करा आणि कीबोर्ड-माऊस वेगळे घ्या. पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना चिकटलेले असेपर्यंत मान आणि हात दोन्ही एकदम सुखात राहत नाहीत, मग कार्ड कितीही भरा.

आकडा काढा, पण खोलीचा काढा. समजा ४० नोंदींपैकी २६ बरोबर, तर ६५ टक्के. पुढच्या महिन्यात तो भिंतीवर लावा. सुरक्षा सप्ताह संपला की कार्डं कपाटात जातात, तिथं सगळं बुडतं. वाकून बसण्याचा आराम आत्ता मिळतो, दुखणं येतं संध्याकाळी किंवा पाच वर्षांनी. म्हणून टोकणं किंवा शाबासकी जागच्या जागी लागते, महिनाअखेरच्या मीटिंगमध्ये तिचा उपयोग नाही.

रात्री अंगठा आणि शेजारच्या बोटांना मुंग्या येत असतील, वस्तू हातातून निसटत असेल, तर कार्ड बाजूला ठेवून डॉक्टर गाठा.

आणि कार्डात सगळं बरोबर असूनही दुखत असेल तर? आमचे एक काका, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या पातळीत, अगदी नियमाप्रमाणं. तरी म्हणायचे, "मान लई दुखायलीय हो." त्यांना बायफोकल चष्मा होता. भिंगाच्या खालच्या भागातून वाचायला ते दिवसभर हनुवटी वर करून बसत होते. मॉनिटर चार बोटं खाली घेतला आणि थोडा मागं कलता केला. कार्डात त्या ओळीपुढं आता आणखी एक प्रश्न छापलाय: चष्मा कोणता?